लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या दोन वेळा: 'मुं. टा.' आणि 'स्टँ. टा.' हा काय प्रकार?

गिरगावची_नात

नमस्कार मंडळी. आमची गिरगावातली चाळ पाडायला घेणार आहेत, म्हणून गेले दोन आठवडे आजीची खोली आवरतेय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या थोरल्या बहिणीची लग्नपत्रिका सापडली. वैशाख शके १८६०, म्हणजे १९३८ साल. कागद पिवळा पडलाय, एक कड उंदराने कुरतडलीय, पण कोपऱ्यात कुंकवाचं बोट अजून दिसतं. मुहूर्ताची ओळ जशीच्या तशी लिहिते:

"गोरज मुहूर्त सायं. ६ वा. २४ मि. मुं. टा. (स्टँ. टा. ७ वा. ३ मि.)"

खाली बारीक टायपात: "आगगाडीने येणाऱ्या मंडळींनी स्टँ. टा. धरावा."

मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम आणि स्टँ. टा. म्हणजे स्टँडर्ड टाइम, इतकं माझं मला कळलं. पण एकाच शहरात दोन वेळा कशा? आणि फरक ३९ मिनिटांचाच का? अर्धा तास किंवा एक तास असता तर समजू शकले असते. आगगाडीचा याच्याशी काय संबंध?

विचारायचं आणखी एक कारण आहे. या लग्नाला ठाण्याचे मामा उशिरा पोचले. अक्षता पडून गेल्या होत्या, पहिली पंगत बसली होती. तेव्हापासून आमच्या घरात कुणीही उशिरा आलं की "आला मामाच्या मुहूर्ताला" म्हणतात. मी शाळेत असताना हे इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. पत्रिका बघून वाटलं, मामांचा या दोन वेळांत घोळ तर झाला नसेल?

कट्ट्यावरचा_बंड्या

सोप्पं आहे. एक टाइम मुलाकडच्यांचा, एक मुलीकडच्यांचा. आमच्याकडे अजूनही तसंच आहे, फक्त छापत नाहीत.

गंमत सोडा, पण एक मुंबईचा आणि दुसरा पुण्याचा असेल का?

निवृत्त_गार्ड

बंड्या, पुणं मुंबईच्या जेमतेम चार मिनिटं पुढे आहे. पुणेकर स्वतःला किती पुढे समजतात तो भाग वेगळा.

नातबाई, ती पत्रिका जपून ठेवा. प्लास्टिकमध्ये घालू नका, कागद घाम धरतो. सुती कापडात गुंडाळा.

आता तुमचा प्रश्न. मी मध्य रेल्वेत पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक लोकलचा गार्ड म्हणून. हल्ली त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी मात्र गार्ड म्हणूनच रिटायर झालो. आजोबा जी.आय.पी.च्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीच्या, परळ वर्कशॉपमध्ये फिटर. त्यामुळे हा ३९ मिनिटांचा मामला आमच्या घरातलाच.

सूर्य आधी कलकत्त्याच्या डोक्यावर येतो, मग मद्रासच्या, मग मुंबईच्या. एक रेखांश ओलांडायला त्याला चार मिनिटं लागतात. पूर्वी ज्या गावचे बारा त्या गावच्या सूर्याचे, आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. माणूस बैलगाडीने जायचा, होडीने जायचा, सकाळी निघून दिवस कलायला पोचायचा. त्याला मिनिटाशी काय करायचंय?

मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. २१ मैलांचा प्रवास, चौदा डबे, तीन इंजिनं, तोफांची सलामी, हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. माझं लक्ष नेहमी एकाच गोष्टीकडे जातं: गाडी सुटली दुपारी तीन पस्तीसला. साडेतीन नाही आणि दुपार कलल्यावरही नाही, तीन पस्तीस. तोवर या शहरात पस्तिसाव्या मिनिटाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

ठाण्यापर्यंत ठीक होतं, कारण ठाण्याचा आणि बोरीबंदरचा सूर्य एकच. पण १८६३ ला बोरघाट फुटला, १८६५ ला थळघाट, आणि १८७० ला जबलपूरवरून मुंबई-कलकत्ता रूळ जोडले गेले. आता विचार करा. एकेरी लाईन आहे, समोरून गाडी येतेय, ती अमुक वाजता अमुक स्टेशनात बाजूला घ्यायची आहे. दोन मास्तरांच्या घड्याळांत दहा मिनिटांचं अंतर असलं तर मधे माणसं मरतात. म्हणून त्याच सुमाराला रेल्वेने साऱ्या देशातल्या गाड्या मद्रास टाइमवर चालवायला घेतल्या. मद्रासला जुनी वेधशाळा होती, तारेने तिची वेळ सगळीकडे कळवता यायची, शिवाय मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधे पडतं. मुंबईच्या घड्याळापेक्षा ती वेळ अर्धा तास पुढे होती.

म्हणजे शहरात सकाळचे आठ आणि स्टेशनात साडेआठ. गाडी चुकलेला माणूस स्टेशनबाहेर आला की त्याला वेळेवर आल्याचं कळायचं.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ साऱ्या देशाला लावली. तोच आपला आजचा स्टँडर्ड टाइम. मुंबई बहात्तर अंश पन्नास मिनिटांच्या आसपास. फरक पावणेदहा अंशांच्या जरा आत. गुणिले चार. आले ३९? तुमचा आकडा तिथून आलाय.

आणि मुंबईने तो टाइम घेतला नाही! तुमच्या पत्रिकेतली 'मुं. टा.' ही दोन अक्षरं त्या हट्टाची आहेत. रेल्वे, तार आणि सरकारी कचेऱ्या स्टँडर्डवर गेल्या, पण महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई टाइमच ठेवला. फिरोजशहा मेहता त्यात पुढे होते. स्वदेशीचे दिवस, सरकारवर लोक खवळलेले, आणि त्यातच सरकार सांगतंय की तुमच्या डोक्यावरचा सूर्यसुद्धा चुकतो. व्ही.टी. स्टेशन आणि समोरची महापालिका, दोन्ही इमारती त्या एकाच स्टीव्हन्ससाहेबाने आखलेल्या. पण मधला रस्ता ओलांडला की ३९ मिनिटं बदलायची. आजही तो रस्ता ओलांडायला जवळजवळ तेवढीच लागतात, ते सोडा.

पुढारी आपल्या जागी, पण गिरणगावाचं भांडण पोटाचं होतं. नुकतेच गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, म्हणजे अंधार पडला म्हणून सुट्टी हा प्रकार संपला होता. त्यात जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून मिलमध्ये नवा टाइम लावला तेव्हा हजारो कामगार दरवाजावर जमले. त्यांचा हिशोब सरळ होता: भोंगा घड्याळात त्याच वेळेला वाजणार, पण खरं म्हणजे ३९ मिनिटं आधी, ऐन अंधारात उठायचं. पगार तोच.

आता आमच्या घरातलं. लालबागच्या चाळीत दहा बाय बारा खोली. आजोबा वर्कशॉपमध्ये, म्हणजे रेल्वे टाइम. थोरला काका गिरणीत, त्याच्या गिरणीला मुंबई टाइम. आजीच्या तोंडी दोन शब्द होते, 'गाडीचे सात' आणि 'भोंग्याचे सात'. गाडीचे सात आधी वाजायचे. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. म्हणून आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर खळीने कागदाचे दोन तुकडे चिकटवले होते. मोठा काटा पहिल्या तुकड्याखाली आला की आजोबांच्या भाकऱ्या फडक्यात बांधायच्या, दुसऱ्याखाली आला की काकाच्या. मधल्या वेळात तिने पाणी भरायचं. ते घड्याळ आता माझ्याकडे आहे. चालत नाही. काचेवर खळीचे दोन डाग आहेत, बायको दर दिवाळीला घासते, निघत नाहीत.

मुंबई टाइम १९५५ ला संपला. मी तेव्हा दोन वर्षांचा, मला काय कळणार. पण काकाचं एक वाक्य घरात राहिलं: "स्वराज्य आलं आणि माझी ३९ मिनिटं झोप घेऊन गेलं."

तुमच्या मामांचं सांगतो. ते ठाण्याहून गाडीने आले असणार. पत्रिकेत लिहिल्याप्रमाणे स्टँ. टा. धरला, ७ वा. ३ मि. डोक्यात ठेवलं. लवकर पोचले. आता इतक्यात जाऊन काय करायचं म्हणून स्टेशनबाहेर इराण्याकडे ब्रून-मस्का घेऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत आल्यावर उठले. ते घड्याळ मुंबई टाइमचं! त्यात सात म्हणजे स्टँडर्डचे ७ वाजून ३९ मिनिटं. तोवर अक्षता पडून गेलेल्या, पंगत बसलेली. माणूस निर्दोष आहे हो. तुम्ही शंभर वर्षं होत आली, एका सज्जनाला बदनाम करताय.

जोशीबुवा_पंचांगवाले

गार्डसाहेबांनी छान लिहिलंय. दोन-तीन पुरवण्या जोडतो.

एक, हा वाद १९०६ ला सुरू झालेला नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावून पाहिला होता. लोकांनी दाद दिली नाही, १८८३ मध्ये मागे घ्यावा लागला. दोन, आपण एकटे हट्टी नव्हतो. कलकत्त्यानेही आपला टाइम १९४८ पर्यंत धरून ठेवला होता. तीन, नातबाईंची पत्रिका १९३८ ची आहे म्हणून हिशोब सरळ बसला. महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने घड्याळं आणखी तासभर पुढे सरकवली होती. त्या काळातली पत्रिका कुणाकडे असली तर आधी साल बघा, मग बेरीज करा.

आणि मूळ गंमत वेगळीच आहे. मुहूर्त मुळात घटिका-पळांत काढायचा. एक घटिका २४ मिनिटांची, तिची साठ पळं. सूर्योदयापासून इतक्या घटिका, इतकी पळं, आणि पाण्यात घटिकापात्र सोडून ती मोजायची. सूर्योदय ज्या त्या गावचा, त्यामुळे मुंबई-टाइम आणि मद्रास-टाइम या भानगडी पंचांगाला ठाऊकच नव्हत्या. '६ वा. २४ मि.' हे लिहायला आमच्या पूर्वजांना आगगाडीने शिकवलं. गोरज म्हणजे गाई परत येतानाची धूळ, आणि गिरगावात १९३८ ला ती किती मिनिटांनी उडते ते छापलंय!

बदलापूर_सात_चौदा

मी सुनेच्या नात्याने मुंबईत आले. माहेर परभणीचं. लग्न झालं त्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "तू कुठली पकडणार?" मला वाटलं भाजी-बिजी. तर म्हणाल्या, सात-चौदा की सात-सव्वीस. आमच्याकडे गाडीला नाव असतं. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन. इथे गाडीचं नावच मिनिट! पहिले सहा महिने मला ते फार कोरडं वाटायचं.

आता अठरा वर्षं झाली आणि मी स्वतः तशीच झालेय. कुकरची तिसरी शिट्टी म्हणजे सहा-बावन्न. लेकाची रिक्षा सात-पाच. माझ्या जवळच्या चार मैत्रिणी आहेत, त्यांच्या घरी मी कधीही गेलेले नाही. त्या सात-चौदाच्या लेडीज डब्यात भेटतात, श्रावणात हळदीकुंकू तिथेच, बारशाचे पेढे तिथेच. त्यातली एक बदली होऊन सात-चव्वेचाळीसला जायला लागली आणि आमची मैत्री संपली. भांडण नाही, काही नाही. अर्ध्या तासाने संपली.

गार्डकाका, एक विचारू? तुम्ही लोक त्या मागच्या केबिनमध्ये उभे असता, आम्ही धावत येतो ते तुम्हाला दिसतं. तरी दोन घंट्या देता. कधी थांबावंसं वाटत नाही?

निवृत्त_गार्ड

जोशीबुवा, पळाचं तुम्ही लिहिलंत आणि मी लिहिता लिहिता थांबलो. साठ पळांची घटिका, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. मधल्या स्टेशनात आमची लोकल २०-३० सेकंद थांबते. म्हणजे 'गाडी पळभर थांबते' हे मी पस्तीस वर्षं शब्दशः करत आलो!

बदलापूरच्या ताई, दिसतं. सगळं दिसतं. कोण पुलाच्या पायऱ्या दोन-दोन उतरतोय, कोण पर्स छातीशी धरून पळतेय. चेहरे पाठ होतात. एक काळ्या छत्रीवाले गृहस्थ होते, डोंबिवलीला कायम शेवटच्या डब्याच्या दांडीला हात लावायचे तेव्हा मी बेल दाबत असायचो. बारा वर्षं. एकदाही बोललो नाही. एकदा ते दिसले नाहीत तर मी सात-आठ सेकंद उगाच घालवले.

पण थांबता येत नाही त्याला कारण आहे. मध्य आणि पश्चिम मिळून रोज तीन हजारांवर फेऱ्या. गर्दीच्या वेळी मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते. आमच्या वर्किंग टाइम टेबलात अर्धा मिनिटसुद्धा छापलेला असतो. तुमच्यासाठी पंधरा सेकंद दिले तर ते पुढच्या स्टेशनात तीस होतात, कारण तेवढ्यात तिथे आणखी माणसं जमतात, ती चढायला आणखी वेळ लागतो. कुर्ल्याला पोचेपर्यंत त्याचे दोन मिनिटं होतात, आणि मग मागे कल्याणपर्यंत सगळे ताटकळतात.

ही घाई पहिल्यापासून अशी नव्हती. पश्चिमेकडे १८६७ ला विरारहून जी पहिली गाडी सुरू झाली ती सकाळी यायची आणि संध्याकाळी परत जायची, बस्स. चुकली तर दिवस चुकला. खरा फरक पडला विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी.-कुर्ला हार्बरवर पहिली विजेची लोकल धावली, चार डब्यांची. वाफेचं इंजिन शेवटच्या स्टेशनात सोडवायचं, वळवायचं, पाणी भरायचं, पुन्हा जोडायचं. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला की गाडी उलटी निघाली. पटकन वेग घेते, पटकन थांबते. म्हणून एका रुळावर जास्त गाड्या, आणि म्हणून माणसं आणखी लांब राहायला लागली. आधी परळ-दादर, मग ठाणं, मग डोंबिवली, आता बदलापूर-टिटवाळा. घराची जाहिरात बघा. किती चौरस फूट ते खाली बारीक, 'स्टेशनपासून ५ मिनिटं' वर मोठ्ठं. मैल कुणी सांगत नाही. आमच्या काकाच्या गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहे, त्याच्या नातवाला तिथे खोली परवडत नाही, तो रोज पंचावन्न मिनिटं उभा राहून लालबागला कामाला येतो. काकाने ३९ मिनिटांसाठी तोंड सोडलं होतं.

एक गोष्ट कुठे लिहिली नाही कधी, विषय निघालाच आहे तर लिहितो.

आम्हाला ड्यूटीवर येताना लॉबीत सही करावी लागते आणि घड्याळ मिळवून घ्यावं लागतं. मग दिवसभर जर्नल लिहायचं. कुठल्या स्टेशनात किती वाजता, किती उशीर, कशामुळे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, थंडीचे दिवस, मुंब्र्याच्या अलीकडे मोटरमनने करकचून ब्रेक मारला. रूळ ओलांडणारा माणूस होता. मी खाली उतरलो. उतरण्याआधी मी काय केलं ते मला चांगलं आठवतं, मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. नियमच तसा आहे, वेळ लिहावी लागते. मग दगडांवरून चालत गेलो. मेमो, स्टेशनला निरोप, स्ट्रेचर घेऊन हमाल आले. हे लोक बोलत नाहीत, काम करतात.

मी परत येत होतो तेव्हा सेकंड क्लासच्या दारातून एकाने वाकून विचारलं, "साहेब, दादरला आठ-एक्कावन्न मिळेल का?" मला असा राग आला की हात उगारला जायचा. काही न बोलता केबिनमध्ये चढलो, जर्नल उघडलं आणि लिहिलं: 'रनओव्हर. ११ मिनिटं लॉस.' त्या माणसाचं नाव त्या जर्नलात नाही, रकानाच नाही. मग दोन बेल दिल्या.

त्या दारातल्या माणसाचा राग मग आला नाही. तो आणि मी एकाच टाइम टेबलातले.

असो. दसऱ्याला मात्र तुम्ही लोक डब्याला झेंडूची तोरणं बांधता, मोटरमनला आणि गार्डला नारळ देता, ते फार बरं वाटायचं. घरी चार-पाच नारळ जमायचे. बायको आठवडाभर सोलकढी करायची.

कट्ट्यावरचा_बंड्या

गार्डसाहेब, मी वर फालतू विनोद केला होता. मागे घेतो. बाकी पुणेकरांवरचा तुमचा टोला मी माझ्या सासऱ्यांना फॉरवर्ड केलाय, उत्तर यायचंय.

गिरगावची_नात

काका, जोशीबुवा, ताई, सगळ्यांचे आभार. मी हा सगळा धागा काल रात्री आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, कान जरा कमी, त्यामुळे ओरडून. खळीच्या डागांपाशी तिने दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, आमच्याकडे कागद नव्हते, पण आई शेजारणीला "गाडीचे की आपले?" असं विचारायची ते आठवतं. 'आपले' म्हणजे मुंबईचे.

मुंब्र्याचं वाचल्यावर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, पुढे वाच.

पण काका, मामांबद्दलचा तुमचा निकाल सांगितल्यावर ती इतकी हसली की ठसका लागला. तिचं म्हणणं: इराणी-बिराणी काही नाही. ठाण्याचे मामा जी.आय.पी.मध्ये बुकिंग क्लार्क होते. खिडकीवर बसून दिवसभर लोकांना गाडीचा टाइम आणि शहराचा टाइम यातला फरक समजावून सांगायचे, आणि त्यांच्या कोटाच्या खिशात कायम रेल्वेचं घड्याळ असायचं. त्या दिवशी ते दुपारीच गिरगावात आले होते. कुणाकडे तरी पत्त्यांचा डाव बसला आणि उठवेना.

निवृत्त_गार्ड

बुकिंग क्लार्क? रेल्वेचं घड्याळ खिशात? मग मी माझे शब्द मागे घेतो, नातबाई. जर्नलात लिहा: 'गाडी वेळेवर. ३९ मिनिटं लॉस. कारण: पत्ते.'